४४ पॉइंटनी जिंकणारे भारी की ४ नी?

पॅरिस ऑलिंपिकची पुरुषांची बास्केटबॉल फायनल आपल्याकडे रात्री एक वाजता होती. भाचा राहायला आलेला, घरातले बाकी सगळे झोपलेले, म्हणून आम्ही दोघं टीव्हीचा आवाज बंद करून हॉलमध्ये बसलेलो, आणि शेवटच्या तीनेक मिनिटांत अमेरिकेच्या स्टेफ करीने चार थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून टाकलेला बॉल, एकाचे तीन पॉइंट) टाकले, शेवटचा तर फ्रान्सचे दोन जण हात वर करून अंगावर आलेले असताना, तेव्हा भाच्याने तोंडावर उशी दाबून काय ओरडायचं ते ओरडून घेतलं. अमेरिका ९८, फ्रान्स ८७. मग जरा शांत झाल्यावर प्रश्न आला, "मामा, ही टीम आतापर्यंतची सगळ्यात भारी ना?"

मी सवयीने म्हणालो, छे रे, अमेरिकेचीच ब्याण्णवची ड्रीम टीम. कार्ट्याने लगेच फोनवर स्कोअर काढले आणि बेरीज-भागाकार करून मोकळा झाला. ड्रीम टीम सरासरी जवळपास ४४ पॉइंटनी जिंकायची, पॅरिसची टीम १९ नी. "तुझं बरोबर आहे," म्हणाला, आणि मी जरा कॉलर ताठ करतोय तोवर पुढचं आलं, "पण अमेरिकेची १९५६ ची टीम सरासरी साडेत्रेपन्नने जिंकलीये. मग ती ड्रीम टीमच्या पण वर?"

माझी बोलती बंद. झोप तर गेलीच होती, मग डोक्यात तेच चालू राहिलं, आणि आता दोन-चार दिवस आकडे चाळून जे समजलंय ते लिहून टाकतो, कारण हा घोळ फक्त बास्केटबॉलचा नाहीये.

आपल्या हॉकीचंच घ्या ना. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ ने हरवलं, हे आपण शाळेपासून अभिमानाने सांगतो. सांगायलाच पाहिजे, रूपसिंग आणि ध्यानचंद ही माणसंच वेगळी होती. पण त्या वर्षी हॉकीत टीम किती होत्या माहितीये? तीन. भारत, जपान आणि यजमान अमेरिका. अमेरिका दोन्ही मॅच हरली आणि तरी ब्राँझ घेऊन गेली. म्हणजे २४-१ हा आकडा खरा आहे, पण त्यातला किती भाग आपल्या स्टिकचा आणि किती समोरच्याच्या अनाडीपणाचा, हे तो आकडा स्वतःहून सांगत नाही. कुस्तीत पैलवानाने पोराला उचलून आपटलं तर टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, तसंच काहीसं.

मार्जिन, म्हणजे किती फरकाने जिंकलो, ही एक वजाबाकी असते. आपली ताकद वजा समोरच्याची ताकद. उत्तर ४४ आलं की आपण आनंदाने सगळं श्रेय पहिल्या आकड्याला देऊन टाकतो, दुसरा आकडा कुणी बघतच नाही. आणि ऑलिंपिक बास्केटबॉलच्या जवळपास नव्वद वर्षांत सगळ्यात जास्त बदलला असेल तर तो हा दुसराच आकडा.

सुरुवात बर्लिन १९३६ पासून करू, कारण ती मजेशीर आहे. पुरुषांचं बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे ऑलिंपिकमध्ये आलं, आणि मॅच ठेवल्या कुठे, तर उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर. फायनलच्या दिवशी पाऊस. चिखलात बॉल टप्पा घेईना, त्यामुळे ड्रिबल विसरा, नुसतं हातातून हातात. अमेरिकेने कॅनडाला हरवलं आणि स्कोअर होता १९-८. फरक किती? अकरा. पॅरिसच्या फायनलमध्ये फरक किती? तोही अकराच! आता हे दोन्ही अकरा सारखे म्हणायचे का? एका मॅचमध्ये जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या दुपटीहून जास्त पॉइंट केलेत आणि दुसऱ्या मॅचमध्ये जेमतेम सव्वा पट पण नाही.

म्हणून वजाबाकीच्या जोडीला भागाकार पण करून बघायचा. समोरच्याच्या किती पट पॉइंट केले? कारण जुन्या काळी मॅचमध्ये एकूण पॉइंटच कमी व्हायचे. शॉट क्लॉक नव्हतं, म्हणजे बॉल हातात आला की अमुक सेकंदात बास्केटकडे टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं, त्यामुळे कमजोर टीम बॉल घेऊन नुसती फिरवत बसू शकायची. १९५२ ला हेलसिंकीत सोव्हिएत टीमने हेच केलं. आधीच्या मॅचमध्ये अमेरिकेकडून ८६-५८ असा मार खाल्ला होता, म्हणून फायनलला त्यांनी बॉल धरून ठेवला, आणि हरले ते ३६-२५ असे. टीम त्याच, खेळाडू तेच, फरक २८ वरून थेट ११ वर. याच्यात ताकद कुणाचीच बदलली नव्हती, फक्त मॅच आटवली होती, दूध आटवतात तशी.

तर भाच्याने काढलेलं १९५६, मेलबर्न. आठ मॅच, आणि एकूण ७९३ पॉइंट केले, ३६५ दिले. सरासरी ९९ विरुद्ध ४५.६. म्हणजे दोन पटींहून जास्त, तेही आठच्या आठ मॅच मिळून! थायलंडला १०१-२९, जपानला ९८-४०, आणि सगळ्यात 'अटीतटीची' मॅच म्हणाल तर सोव्हिएत युनियनविरुद्धची ८५-५५, तीस पॉइंटची. त्या टीममध्ये बिल रसेल होता, जो पुढे बोस्टन सेल्टिक्सकडून अकरा वेळा एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) चॅम्पियन झाला. मेलबर्नचं ऑलिंपिक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतं, त्यामुळे पठ्ठ्या एनबीए सीझन सुरू झाला तरी तिकडे गेला नाही, आधी गोल्ड आणलं आणि मग डिसेंबरमध्ये सेल्टिक्सला जॉइन झाला.

ड्रीम टीमचा हाच हिशोब केला तर आठ मॅचमध्ये ९३८ विरुद्ध ५८८, म्हणजे साधारण १.६ पट. रोम १९६० ची टीम, ज्यात ऑस्कर रॉबर्टसन आणि जेरी वेस्ट होते, ती पण या भागाकारात ड्रीम टीमच्या थोडी वरच निघते. आणि पॅरिस? ६३२ विरुद्ध ५१८, १.२२ पट. म्हणजे नुसत्या आकड्यांवर गेलो तर छप्पन एक नंबर आणि करी-लेब्रॉनची टीम बिचारी पार खाली. पण मनाला पटतंय का? मला तर नाही पटत. रसेल महान होता याबद्दल वादच नाही, पण १९५६ ला जपान, थायलंडमध्ये उंच सेंटरला (बास्केटजवळ खेळणारा सगळ्यात उंच गडी) अडवायचं कसं हे शिकवणारा कोच, तसा सराव, तसा आहार, यातलं काय होतं? खेळ अजून जगभर रुजायचा होता, आणि जिथे रुजला होता तिथेही कामधंदा सांभाळून खेळणारी मंडळी.

इथे 'हौशी' नावाची भानगड पण समजून घ्यायला हवी. १९८९ पर्यंत नियम असा होता की एनबीएचे व्यावसायिक खेळाडू ऑलिंपिकला चालणार नाहीत. म्हणून अमेरिका कॉलेजची पोरं पाठवायची, सुरुवातीच्या काळात जोडीला कंपन्यांच्या टीममधले खेळाडू. आणि सोव्हिएत, युगोस्लाव्ह टीम? कागदावर हौशीच, कुणी सैन्यात, कुणी विद्यार्थी, पण प्रत्यक्षात वर्षभर बास्केटबॉलच खेळायचे आणि दहा-दहा वर्षं एकत्र. त्यामुळे १९५६ ते १९८८ मध्ये अमेरिकेचं मार्जिन हळूहळू घसरत जातं ते अमेरिकन पोरं बिघडली म्हणून नाही, तर समोर वर्षानुवर्षं मुरलेली माणसं उभी राहायला लागली म्हणून.

१९७२ ची म्युनिकची फायनल बहुतेकांना माहीत असेल, तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले आणि शेवटी अलेक्झांडर बेलोव्हच्या बास्केटने सोव्हिएत ५१-५० ने जिंकले. अमेरिकन खेळाडूंनी सिल्व्हर मेडल घेतलीच नाहीत, आजही घेतलेली नाहीत. त्या वादावर लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की त्या रात्रीपर्यंत अमेरिका ऑलिंपिकमध्ये सलग ६३ मॅच जिंकली होती. हा ६३ लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

(जाता जाता: १९८० ला मॉस्कोत अमेरिकेने बहिष्कार टाकला, आणि त्या वर्षी चक्क भारताची पुरुष टीम ऑलिंपिक बास्केटबॉल खेळली. बारा टीममध्ये बारावी आली, पण खेळली. त्यानंतर आपण परत कधी गेलेलो नाही.)

१९८८, सेऊल. सेमीफायनलमध्ये सोव्हिएत टीमने अमेरिकेला ८२-७६ ने हरवलं, यावेळी कसलाही वाद नाही, सरळ खेळून. अमेरिकेला ब्राँझ. पुढच्या वर्षी फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, व्यावसायिकांना दार उघडलं, गंमत म्हणजे अमेरिकन फेडरेशनचं मत विरोधात होतं, आणि १९९२ ला बार्सिलोनात ती टीम आली. जॉर्डन, मॅजिक, बर्ड, बार्कली, पिपेन, मलोन, स्टॉकटन, रॉबिन्सन, युइंग, ड्रेक्सलर, मलिन, आणि कॉलेजमधला एकटा लेटनर.

पहिलीच मॅच अंगोलाशी. तिच्याआधीच बार्कली सांगून बसला होता की मला अंगोलाबद्दल काही माहीत नाही, पण अंगोलाचं काही खरं नाही. स्कोअर ७-७ होता तोपर्यंत ठीक चाललं होतं. मग जे सुरू झालं ते असं की अमेरिकेने पुढचे ४६ पॉइंट केले आणि अंगोलाने एक. एक! आणि तो एक पण कसा, तर बार्कलीने हर्लँडर कोइम्ब्रा नावाच्या काटकुळ्या खेळाडूला कोपर मारलं, त्याचा फाऊल दिला गेला, त्या फ्री थ्रोवर. म्हणजे बार्कलीने कोपर आवरलं असतं तर ४६-० झालं असतं. मॅच संपली ११६-४८. कोच चक डेलीने पूर्ण ऑलिंपिकमध्ये एकदाही टाइमआऊट घेतला नाही, काय बोलणार घेऊन? आणि समोरच्या टीमचे खेळाडू मॅचआधी यांच्यासोबत फोटो काढून घ्यायचे. ज्याच्याशी लढायचं त्याचीच सही मागायची, तिथे मार्जिनचं काय घेऊन बसलात.

पण ड्रीम टीमबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्यांच्यासमोर उभे राहू शकले असते असे दोन संघ होते, आणि ऑलिंपिकच्या आधीच्या वर्षभरात ते दोन्ही देशच नकाशावरून गेले. सोव्हिएत युनियन फुटलं. १९८८ ला अमेरिकेला हरवणाऱ्या सोव्हिएत टीमचे पाचपैकी चार मुख्य खेळाडू मूळचे लिथुआनियाचे, सबोनिस, मार्चुलिओनिस वगैरे, ते आता लिथुआनियाकडून आले, उरलेले युनिफाइड टीममध्ये, म्हणजे फुटलेल्या सोव्हिएत देशांच्या एकत्र टीममध्ये. आणि युगोस्लाव्हिया, जो १९९० चा वर्ल्ड चॅम्पियन होता, तिथे युद्ध पेटलेलं. पेट्रोविच आणि कुकोच क्रोएशियाकडून खेळले, दिवाच सर्बियाचा, आणि त्यांच्या उरलेल्या युगोस्लाव्हियावर निर्बंध असल्यामुळे ती टीम बार्सिलोनात आलीच नाही. म्हणजे अर्ध्या युगोस्लाव्हियाने, नुसत्या क्रोएशियाने, फायनलमध्ये सुरुवातीला २५-२३ अशी आघाडी पण घेतली होती, शेवटी ३२ नी हरले आणि ती ड्रीम टीमची सगळ्यात कमी फरकाची मॅच ठरली. पूर्ण युगोस्लाव्हिया असता तर जिंकला असता? नाही, मला नाही वाटत. पण ४४ चं सरासरी मार्जिन राहिलं नसतं एवढं नक्की.

त्या वेळी बार्सिलोनाचाच एक बारा वर्षांचा मुलगा होता, पाउ गासोल. सोळा वर्षांनी बीजिंगच्या फायनलमध्ये तो स्पेनकडून अमेरिकेसमोर उभा होता, आणि समोर त्याचाच लेकर्सचा जोडीदार कोबी ब्रायंट. फायनल ११८-१०७, आणि शेवटच्या काही मिनिटांपर्यंत कोण जिंकणार हे सांगता येत नव्हतं. ड्रीम टीमने जगाला जे दाखवलं त्याचं बिल पुढच्या अमेरिकन टीमने भरलं, असं मला तरी वाटतं. सिडनी २००० ला लिथुआनियाविरुद्धची सेमीफायनल ८५-८३, शेवटच्या क्षणी यासिकेविचसचा थ्री गेला असता तर फायनलचं तिकीटच फाटलं असतं. आणि अथेन्स २००४ तर अमेरिकेची दिवाळखोरीच. पोर्तो रिकोने पहिल्याच मॅचला ९२-७३ ने धुतलं, अमेरिकेने २४ थ्री मारले आणि गेले फक्त तीन. मग लिथुआनियाकडून हार, मग सेमीफायनलला अर्जेंटिनाकडून ८९-८१. जिनोबिलीने एकट्याने २९ पॉइंट काढले. टिम डंकन, आयव्हरसन, तरुण लेब्रॉन, नावं बघाल तर टीम खतरनाक, पण काही आठवड्यांत गोळा केलेली, आणि अर्जेंटिनाची पोरं लहानपणापासून एकमेकांच्या हातचं जेवलेली म्हणा ना. शिवाय फिबाच्या नियमात झोन डिफेन्स, म्हणजे माणूस न धरता जागा धरायची, ही गोष्ट कायम चालायची. एनबीएत ती कितीतरी वर्षं बंद होती आणि २००१ ला कुठे मोकळी झाली, त्यामुळे बाहेरून शूट करता येत नसेल तर तिथे तुमच्या उड्या काही कामाच्या नाहीत.

आता पॅरिसकडे परत बघा. २०१९ ते २०२४ मध्ये एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, कोण कोण झालं? यानिस दोनदा, योकिच तीनदा, एम्बीड एकदा. एकही अमेरिकेत जन्मलेला नाही. (एम्बीड पॅरिसला अमेरिकेकडूनच खेळला, तो भाग वेगळा.) ड्रीम टीमच्या काळात अख्ख्या एनबीएत परदेशी खेळाडू वीस-बावीसच्या घरात होते, पॅरिसच्या वेळेपर्यंत सव्वाशेच्या आसपास झाले होते. म्हणजे पॅरिसच्या सेमीफायनलला सर्बियाकडून जो माणूस समोर होता, योकिच, तो फोटो मागणारा नव्हता, तोच त्या वर्षीचा जगातला सर्वोत्तम खेळाडू होता. त्या मॅचमध्ये अमेरिका १७ नी मागे पडली होती, करीने ३६ पॉइंट टाकले, नऊ थ्री, तेव्हा कुठे ९५-९१. चार पॉइंट. माझ्या मते हे चार पॉइंट अंगोलावरच्या ६८ पेक्षा जड आहेत. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, मग ही टीम बेस्ट म्हण की. तर तसंही नाही रे बाबा! कठीण मॅच जिंकणं वेगळं आणि वर्चस्व वेगळं. वर्चस्व म्हणजे समोरच्याला मॅच चालू व्हायच्या आधीच माहीत असणं की आज काही खरं नाही. पॅरिसमध्ये सर्बियाला तसं अजिबात वाटलं नव्हतं.

मग वर्चस्व मोजायचं कशावर? मला विचाराल तर मार्जिन सोडा, सलग किती जिंकले ते बघा. का, ते साध्या गणितात सांगतो. ऑलिंपिकमध्ये एनबीएसारखी सात मॅचची सिरीज नसते, बाद फेरीत एक मॅच, चाळीस मिनिटं, हरलात की गोल्ड गेलं. आता समजा तुमची टीम इतकी भारी आहे की प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ९५ टक्के. ऐकायला मस्त वाटतं. पण अशा साठेक मॅच सलग जिंकायची शक्यता काढली, ०.९५ ला ०.९५ ने साठ वेळा गुणत जा, तर उत्तर येतं जेमतेम चार-पाच टक्के. आणि प्रत्येक मॅचला ९९ टक्के धरलं तरी साठ सलग जिंकणं म्हणजे साधारण छापा-काटा. म्हणजे जी टीम साठ सलग जिंकते ती ९५ टक्केवाली नाहीच, ती त्याच्याही वरची काहीतरी भानगड आहे. वाईट दिवस, आजारी पडलेला सेंटर, रेफरीची चूक, समोरच्याला लागलेला मटका, हे सगळं पचवून उरलेली. म्हणून म्युनिकपर्यंतचे ते ६३ मला ४४ पेक्षा आणि साडेत्रेपन्नपेक्षाही मोठे वाटतात, समोरच्या टीम सुरुवातीला कच्च्या होत्या हे धरून सुद्धा.

आणि आता खरी गोष्ट, जी रात्री दोन वाजता आम्हा दोघांनाही सुचली नव्हती, कारण आम्ही पुरुषांचंच घेऊन बसलेलो. अमेरिकन महिला. १९९२ ला बार्सिलोनात सगळं जग जॉर्डनकडे बघत असताना त्या सेमीफायनलला युनिफाइड टीमकडून ७९-७३ ने हरल्या. सुरुवातीला तर महिलांचं बास्केटबॉल सोव्हिएतच्या खिशात होतं, १९७६ आणि १९८० चं गोल्ड त्यांचंच, सात फुटी उल्याना सेम्योनोवा बास्केटखाली उभी राहिली की विषय संपायचा, माँट्रियलला अमेरिकेला ११२-७७ ने हरवलेलं. तर १९९२ च्या त्या हारेनंतर ब्राँझची मॅच जिंकली, आणि तिथून पुढे अमेरिकन महिला ऑलिंपिकमध्ये एकही मॅच हरलेल्या नाहीत. अटलांटा, सिडनी, अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो, पॅरिस. आठ गोल्ड, सलग ६१ मॅच. अटलांटाच्या आधी तर टीम वर्षभर एकत्र ठेवून जगभर फिरवली, ५२ मॅच खेळल्या, ५२ जिंकल्या, आणि मग ऑलिंपिकच्या आठ. डायना टौरासीने अथेन्सपासून पॅरिसपर्यंत सहा गोल्ड घेतली. आणि हे सगळं अशा काळात, जेव्हा बाकीच्या देशांच्या चांगल्या मुली अमेरिकेच्याच डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या एनबीएत, खेळून शिकत होत्या, म्हणजे वजाबाकीतला दुसरा आकडा वाढत होता तरी.

पॅरिसची महिलांची फायनल त्याच दिवशी होती, आपल्याकडे संध्याकाळी सातला. यावेळी टीव्हीचा आवाज चालू होता आणि ताई पण बसली होती बघायला. समोर पुन्हा फ्रान्स, तिसऱ्या क्वार्टरमध्ये फ्रान्स दहा पॉइंटनी पुढे, मग अमेरिकेच्या ए'जा विल्सनने ओढत ओढत मॅच आणली, शेवटच्या सेकंदांना अमेरिका तीन पॉइंटनी पुढे. फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सकडे बॉल, जन्म अमेरिकेतला, आई फ्रेंच. तिने पळत येऊन उडी मारून टाकला, बॉल बोर्डला लागून आत, बझर वाजला. भाचा उभा राहिला, "थ्री! टाय! ओव्हरटाइम!"

मग रिप्ले दाखवला. भाच्याने फोनवर तोच फोटो उघडून दोन बोटांनी मोठा केला आणि ताईसमोर धरला. ताईने चष्मा वर करून बघितलं. उडी मारताना पाय रेषेला लागलेला. तीन नाही, दोन. ६७-६६.